राजा, सांभाळ!

दार नीट लागलंय का ते चेक करायचं, बँकेत चेक भरायचा, चेक्सचा शर्ट घालायचा, विमानतळावर चेक-इन करायचं. एवढ्याशा शब्दाला आपण दिवसभर राबवतो. त्याच्या पोटात एक राजा बसलेला आहे, फारसीतला ‘शाह’. इंग्रजी शब्दांच्या जन्मकथांत मला हीच सगळ्यात जवळची वाटते.

बुद्धिबळाचं जुनं रूप असलेलं चतुरंग भारतातून इराणात गेलं. तिथे समोरच्या राजावर मोहरा रोखला की खेळाडू ‘शाह!’ असा इशारा देत. बेसावध राजाला गाठायचं नाही, आधी सांगायचं. लढाईच्या खेळातली ही सभ्यता मला फार मोलाची वाटते. पुढे खेळ अरबांकडून युरोपात पोहोचला, जुन्या फ्रेंचमध्ये त्या इशाऱ्याचा ‘एशेक’ झाला आणि इंग्रजीत ‘चेक’. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून ‘चेस’ आला.

शह बसला की खेळाडूची ठरलेली चाल बाजूला राहते. आधी शह सोडवायचा, मग बाकीचं. म्हणून चेक म्हणजे अडवणं, लगाम घालणं. अडवलेल्याकडे माणूस निरखून पाहतो, तसा त्यातून तपासण्याचा अर्थ निघाला. आज ‘चेक केलं’ म्हणताना आपल्याला तपासणं तेवढं आठवतं, थांबवणं आपण विसरून गेलो आहोत.

राजा गेला तसा त्याचा पटही गेला, थेट इंग्लंडच्या खजिन्यात. रिचर्ड फिट्झनील हा बाराव्या शतकातला तिथला खजिनदार. आपल्या कचेरीचं काम कसं चालतं, ते त्याने गुरू-शिष्याच्या संवादातून लिहून ठेवलं आहे. सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद मेज. वर मांडलेलं काही घरंगळू नये म्हणून कडेने चार बोटं उंच काठ. त्यावर रेघारेघांचं काळं कापड. एका रकान्यात पेन्स, शेजारी शिलिंग, मग पौंड, पुढे विसा, शेकडे, हजार. परगण्याचा शेरीफ हिशेब द्यायला आला की या रकान्यांत सोंगट्या मांडत, सरकवत, उचलत. देणं किती, भरलं किती, ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उलगडायचं. अंकगणित न येणाऱ्यालाही कळावं असा तो हिशेब होता. फिट्झनीलला यात बुद्धिबळाचा डाव दिसला: एका बाजूला खजिनदार, दुसऱ्या बाजूला शेरीफ. त्या पटावरूनच कचेरीला ‘एक्सचेकर’ नाव पडलं आणि ब्रिटनचा अर्थमंत्री आजही एक्सचेकरचा चॅन्सेलर म्हणवतो. चौकड्यांचं कापड ‘चेक्स’चं झालं तेही पटामुळेच.

बँकेतला चेक मात्र तपासणीच्या अर्थातून आला. अठराव्या शतकात आधी हे नाव स्थळप्रतीचं होतं, म्हणजे लबाडी पकडता यावी म्हणून मागे ठेवायच्या तुकड्याचं. नंतर ते खुद्द कागदालाच चिकटलं. ब्रिटिशांनी त्याचं स्पेलिंग बदललं, तेही एक्सचेकरच्या वळणावर.

आणि आपण? तोच शब्द आपल्याकडे फारसीतून आधीच येऊन बसला होता. शह देणं, शह-काटशह ही आपली रोजची भाषा. ‘शाह मात’ म्हणजे राजा हतबल झाला. त्याचं इंग्रजीत ‘चेकमेट’ झालं, आणि आपण संकटावर, आजारावर ‘मात’ करतो. कागदोपत्री ‘धनादेश’ आला तरी तोंडात ‘चेक’च राहिला, आणि राहू दे. त्याला परका म्हणणं मला पटत नाही. ‘शाह’चं जुनं फारसी मूळ आपल्या ‘क्षत्र’ शब्दाशी नातं सांगतं, त्या नात्याने चेक आणि क्षत्रिय एकाच गोतातले.