मावशीचे एकोणीस रुपये

उदगीर मागे पडले की थोड्या वेळाने कमलनगर येते. स्टेशनच्या पाटीवर कन्नड अक्षरे दिसतात, तेवढ्यावरून आपण कर्नाटकात शिरलो हे कळते. बाकी रान तेच, तुरीचे पट्टे तेच आणि डब्यातल्या गप्पाही त्याच. गेल्या महिन्यात संध्याकाळच्या गाडीने भालकीला उतरलो आणि मावशीच्या घराकडे चालत निघालो, तेव्हा सात वाजून गेले होते. एका दारातून मराठी मालिकेचे शीर्षकगीत येत होते, शेजारच्या दारातून कन्नड. पुढच्या ओसरीवर दोन म्हातारे मोठ्या आवाजात हिंदी बातम्या ऐकत बसले होते. दारावरच्या आडनावावरून आत कोणती भाषा चालू असेल हे ओळखायला जाल, तर आपल्या बीदर-कलबुर्गी भागात हमखास फसाल.

मावशीच्या घरात दोन्ही चालतात. मावशी माहेरची उदगीरची, सून हुमनाबादची. मावशी सुनेशी मराठीत बोलते, सून "अत्ती, अत्ती" करत कन्नडात उत्तर देते, आणि दोघींचे काही अडत नाही. नातवंडे ज्याच्याकडून काही हवे असेल त्याच्या भाषेत बोलतात.

या घरात केबल आली ती ईटीव्हीच्या काळात. ९ जुलै २००० रोजी ईटीव्ही मराठी सुरू झाली आणि पाचच महिन्यांनी, १० डिसेंबरला, ईटीव्ही कन्नड. दोन्हींचे घर एकच, हैदराबादजवळची रामोजी फिल्म सिटी. आपल्या लोकांना त्यात नवल वाटले नाही. १९५६ पर्यंत उदगीर, भालकी, गुलबर्गा सगळ्यांचे सरकारी कागद हैदराबादलाच जात होते. आता मालिका तिकडून येऊ लागल्या इतकेच. सकाळी काका शेतीचा 'अन्नदाता' बघत. 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ असे चालले, तीन हजारांहून अधिक भाग. मावशीच्या दोन मुलींची लग्ने आणि एक बारसे त्यात उरकले. कन्नडात एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचे 'एदे तुंबि हाडुवेनु' लागले की मात्र सगळे घर एकत्र बसे. गाण्याच्या स्पर्धेला भाषा आडवी येत नाही. पुढे २०१५ साली दोन्ही वाहिन्यांची नावे बदलून कलर्स झाली, तरी मावशी अजून 'ईटीव्ही लाव' असेच म्हणते.

भांडण झाले ते २०१९ साली. त्या फेब्रुवारीपासून टीव्हीचे नवे दर लागू झाले. तोवर केबलवाला देईल ते सगळे दिसायचे. आता १०० वाहिन्यांपर्यंतचे मूळ भाडे १३० रुपये, वर कर, आणि पैशाच्या वाहिन्या ज्याच्या त्याने निवडायच्या. आपल्या गावात केबलवाल्याने कर्नाटकाचा पॅक सर्वांना लावून दिला आणि एका रात्रीत मावशीची झी मराठी गेली. तीही कधी, तर 'तुला पाहते रे' ऐन रंगात असताना! मुलगा म्हणाला, "आई, पोरं कन्नड शाळेत जातात, कन्नडाचं घेऊ. दोन्हीचं बिल कशाला?" मावशी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुधाच्या पैशातले एकोणीस रुपये काढून तिने त्याच्या हातावर ठेवले. "माझं वेगळं मांड," म्हणाली. महिन्याला एकोणीस ही रक्कम मोठी नव्हे. पण घरातली एक भाषा बिलावर वेगळ्या ओळीत आली, ती तेव्हा पहिल्यांदा. मुलालाही ते लागले असावे. पुढच्या महिन्यापासून पैसे त्यानेच भरले, असे सुनेने मला हळूच सांगितले.

पुढची गंमत ऐका. 'तुला पाहते रे' जुलैमध्ये संपली आणि सप्टेंबरात झी कन्नडवर 'जोते जोतेयलि' सुरू झाली. तीच गोष्ट, फक्त सुबोध भावे यांच्या जागी अनिरुद्ध. सून रोज जीव टांगून बघे, आणि मावशीला तर सगळेच ठाऊक. एका रात्री जेवताना तिने नायकाचे खरे रूप सांगून टाकले. सून दोन दिवस सासूशी बोलली नाही! पण कन्नडवाल्यांनी गोष्ट लांबवली, वळवली आणि थेट २०२३ पर्यंत चालवली. मावशीचे भविष्य चुकायला लागले. मग काय, तीही पुढचे बघायला सुनेशेजारी येऊन बसली. वर्तमानपत्र वाचण्याइतके कन्नड तिला कधीच आले नाही, पण त्या तीन-चार वर्षांत ती बेंगळुरूच्या श्रीमंत घरातले कन्नड छान समजू लागली.

एकच गोष्ट दोन्ही भाषांत नव्याने उभी करायची, याला कारण आहे. कन्नडात दुसऱ्या भाषेतली मालिका नुसता आवाज बदलून दाखवायला चित्रसृष्टीचा अनेक दशके विरोध होता. आपल्या कलावंतांचे पोट मारले जाईल, ही भीती अगदीच खोटी नव्हती. २०१२ साली 'सत्यमेव जयते' अनेक भाषांत गेले, कन्नडात आले नाही. २०१५ मध्ये स्पर्धा आयोगाने या बंदीविरुद्ध निकाल दिला, आणि २०२० च्या टाळेबंदीत चित्रीकरणे थांबल्यावर 'महाभारत' कन्नडात बोलू लागले. पण तोवर नव्याने मालिका बनवण्याची वाट रुळली होती. 'अग्गंबाई सासूबाई' २०२२ मध्ये सुधाराणी यांना घेऊन 'श्रीरस्तु शुभमस्तु' झाली. आपल्यासारख्यांना त्यामुळे एक गोष्ट दोनदा मिळते.

मला खटकते ते वेगळेच. या दोन्ही पडद्यांवर आपली बोली कुठे आहे? मावशी विचारते, "काय करलालास?" सून विचारते, "एन माडलाकत्ती?" मालिकेतली सासू पुण्या-मुंबईचे बोलते, नाही तर म्हैसूर-बेंगळुरूचे. आपल्यासारखे बोलणारा दिसलाच तर तो गडी किंवा विनोदी पाहुणा. धाकटी नात परवा मावशीला म्हणाली, "आज्जी, 'करलालास' नाही, 'करतोयस' म्हणायचं." दर महिन्याला एकोणीस रुपये भरून घरात हे ऐकायला मिळाले. (करलालास आणि माडलाकत्ती या दोन्हींतला तो 'ला' कोणी कोणाचा उचलला, हे जाणकारांनी एकदा सांगावे.)

दुसऱ्या दिवशी बीदरहून कलबुर्गीची गाडी धरली. हा रेल्वेमार्ग २०१७ साली झाला; त्याआधी कंबर मोडेपर्यंत बसने जावे लागे. कलबुर्गीत माझे काम तासाभरात आटोपले आणि दूरदर्शनचा मनोरा बघायला गेलो. नव्या पिढीला ठाऊक नसेल, पण राजधानी बेंगळुरूला दूरदर्शन केंद्र झाले १९८१ मध्ये. आपल्या गुलबर्ग्याचा प्रक्षेपक १९७७ चा. त्याच्याही आधी, १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, 'साइट' नावाचा उपग्रहाचा प्रयोग झाला. अमेरिकेचा उपग्रह, सहा राज्यांतली सुमारे २४०० खेडी, आणि त्यांत कर्नाटकातले गुलबर्गा, रायचूर, विजापूर हे जिल्हे. गावातल्या एका सार्वजनिक संचासमोर सगळे गाव बसे. शेती, आरोग्य, शाळेच्या मुलांचे धडे असे कार्यक्रम असत. कन्नड कार्यक्रम तयार होत ते हैदराबादच्या केंद्रात, तेलुगूबरोबर. म्हणजे ईटीव्हीच्या पंचवीस वर्षे आधीही आपला टीव्ही हैदराबादहूनच येत होता! त्या उपग्रहावरून एका चित्राबरोबर दोन आवाज पाठवायची सोय होती. त्यांत मराठीला जागा नव्हती. आळंदकडच्या मराठी घरांनीही टीव्ही पहिल्यांदा ऐकला तो कन्नडातूनच.

जुने प्रक्षेपक देशभर २०२१-२२ मध्ये टप्प्याटप्प्याने बंद झाले, तसा कलबुर्गीचाही झाला. मावशीला मनोऱ्याचे सांगावे म्हणून तिथूनच फोन लावला. उचलला सुनेने. मागे मालिकेचे संगीत चालू होते.

"अत्ती सीरियल नोडलाकत्तार," ती म्हणाली, आणि मग मराठीत, "जाहिरात लागल्यावर करते म्हणालेत."