मलाच अडवणारी सेटिंग

२०२५च्या दिवाळीत यवतमाळला घरी गेलो, तेव्हा डोक्यात एकच काम होतं: बाबांच्या कृषी केंद्रातला जुना पीसी. १४ ऑक्टोबरला विंडोज १०चा सपोर्ट संपला होता आणि त्या डब्यावर ११ काही चढणार नव्हतं. म्हटलं, लिनक्स टाकून देऊ. अर्ध्या तासाचं काम!

चालू उधारी बाहेरच्या १ टीबी डिस्कवर कॉपी केली. मागच्या वर्षांचे हिशोब तर फक्त त्याच डिस्कवर होते. मग पेनड्राइव्ह लावला, रुफस उघडलं, स्टार्ट दाबलं. 'सगळा डेटा पुसला जाईल' हा इशारा आपण कधी वाचतो का? ओके! आणि एरर. कोपऱ्यात विंडोजची पाटी: कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेसने बदल रोखला.

च्यायला, ॲडमिन मी, मशीन आमचं, आणि मलाच अडवतंय?

ही सेटिंग मुळात बंद असते. चालू कुणी केली होती? मीच. जून २०१७मध्ये नॉटपेट्याने मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प केलं. तो व्हायरस डिस्कचा सुरुवातीचा, मशीन चालू होताना वाचला जाणारा भागच बदलायचा. त्याच ऑक्टोबरात विंडोज १०मध्ये ही सोय आली. ती अनोळखी प्रोग्रामला थेट डिस्कच्या सेक्टरवर लिहू देत नाही. बूटेबल पेनड्राइव्ह बनवणारं टूल नेमकं तेच करतं. म्हणजे विंडोजला चोर आणि मी सारखेच दिसलो.

वैतागून ती बंद करायला गेलो. तिथल्या हिस्टरीत दिसलं: हार्डडिस्क १. डिस्क मॅनेजमेंट उघडून पाहिलं, तर १ म्हणजे ती टीबीवाली. पेनड्राइव्ह २ नंबरला. मोठ्या यूएसबी डिस्क दाखवायची टिक मीच करून ठेवली होती आणि यादीत भलतंच निवडलं होतं. हातपाय गार!

"काहून रे, झालं नाही का?" बाबा काउंटरवरून.

"होतंय बाबा."

आधी डिस्क काढली. सेटिंग बंद न करता फक्त रुफसला परवानगी दिली. दहा मिनिटांत काम झालं.

रात्री जेवताना बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कुत्रं घरच्यावर भुकलं म्हणून त्याले हाकलून देत नसतात."

असो. आता काहीही फॉरमॅट करायच्या आधी बाकीच्या डिस्क उपसून ठेवतो. आणि हो, इशारा वाचतो.