आजीच्या लुगड्याची वाकळ

स्मरणिकेसाठी काही लिहावे असे शाळेचे पत्र आले, तेव्हा आम्हा दोघा भावांना एकच वस्तू आठवली. ती म्हणजे आमची वाकळ. लोणी काळभोरच्या या निवासी शाळेत प्रथम पाऊल ठेवले त्या दिवशी आमच्या पत्र्याच्या पेटीत वह्या होत्या, ताट-वाटी होती आणि सर्वांत खाली आईने घडी करून ठेवलेली वाकळ होती. खोलीतील इतर मुलांकडे दुकानातील फुलाफुलांच्या चादरी होत्या. आम्ही वाकळ पाहिली आणि पेटीचे झाकण पुन्हा लावले. थंडी पडली तरी ती बाहेर काढली नाही.

त्या वाकळेचा वरचा थर आजीच्या इरकली लुगड्याचा होता. इरकल विणणारा कारागीर अंगाचे सुती ताणे आणि पदराचे रेशमी ताणे फाशांनी एकमेकांत अडकवून जोडतो. म्हणून त्या लाल पदराची ओळख दुरूनही पटते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्यानंतर आजी मंगलप्रसंगी पांढरे लुगडे नेसू लागली आणि लग्नातले इरकल रोजच्या कामाला आले. ते विरले तेव्हा आजोबांच्या जुन्या धोतरांवर पसरून तिने त्याला धावदोरा घातला.

आजोबांचे आणि कापडाचे नाते मात्र इतके सरळ नव्हते. ते मुंबईच्या एका गिरणीत सूतखात्यात होते. विणाईच्या खात्यात पगार अधिक. पण तिथे धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा इतर कामगार हाती घेण्यास तयार नसत. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय कामगार-पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला होता. तरी आजोबांच्या वाट्याला माग कधी आला नाही. जन्मभर सूत काढणाऱ्या या माणसाने कापड विणले नाही. हे आम्हांस फार उशिरा कळले.

त्या पहिल्या वर्षी पालकसभेला आई आली. लाडवांचा डबा ठेवण्यासाठी तिने पेटी उघडली. वाकळ तिने घातलेल्या घडीतच होती. ती एवढेच म्हणाली, “ऊब येत नाही का रे तिच्यात?” आम्ही खाली मान घातली. ती रागावली असती तर बरे वाटले असते.

त्याच आठवड्यात सायंवंदनेनंतर भन्तेजींनी चीवराची गोष्ट सांगितली. मगधातील बांधबंदिस्तीची शेते पाहून भगवंतांनी आनंदांना विचारले, अशी वस्त्रे करता येतील का? आनंदांनी तुकडे जोडून तसे चीवर सिद्ध केले. पुढे उदेन राजाने आनंदांना विचारले, इतक्या वस्त्रांचे तुम्ही करता काय? ते म्हणाले, जीर्ण चीवरांची आच्छादने होतात, ती फाटली की पायपुसणी, आणि अखेर चिंध्या चिखलात मळून जमीन सारवतो. आमच्या पेटीत काय आहे हे भन्तेजींना ठाऊक असणे शक्य नव्हते. त्या रात्री आम्ही दोघे एकाच वाकळेखाली झोपलो.

पुढे नाशिकला त्रिरश्मी लेणी पाहण्यास गेलो. दहाव्या लेण्यात उषवदाताच्या दानाचा लेख आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे त्याने २००० कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. मुद्दल कधी काढायचे नाही. व्याजातून वर्षावासातील २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे. आम्ही तिथेच हिशेब केला. वर्षाचे व्याज २४०, आणि वीस बारे दोनशे चाळीस. ज्या काळी विणकरांच्या शब्दावर कायमची ठेव सोपवली जाई, त्या काळाच्या लेखासमोर उभे असताना आम्हांस आजोबांची आठवण झाली.

आज यंत्रमागावरचे इरकल स्वस्तात मिळते, आणि शहरातील दुकानांत गोधड्या मोठ्या किमतीला टांगलेल्या दिसतात. याचा आम्हांस राग नाही; टाके घालणाऱ्या बाईच्या हाती त्यातील योग्य दाम पडावा, एवढीच इच्छा आहे. परंतु ज्या कापडामागचा हात आपणांस ठाऊक असतो, ते पांघरणे निराळे. त्यात कुणाचे कौशल्य असते, कुणाचे कष्ट असतात, आणि कुणाला नाकारलेली संधीही असते.

आता आजी नाही, आईही नाही. वाकळेचा लाल पदर जागोजागी फाटला आहे. ती काचेच्या कपाटात ठेवावी, असे एकाचे मत होते. शेवटी आनंदांचे उत्तर मानायचे ठरले. आईचे पांढरे सुती लुगडे वरून पसरून आमच्या घरच्या बायकांनी तिला नवा धावदोरा घालण्यास आरंभ केला आहे. आम्हीही सुई धरण्यास शिकत आहोत. येत्या जूनमध्ये धाकटी लेक वसतिगृहात जाईल, तेव्हा ती वाकळ तिच्या पेटीत असेल. मात्र या वेळी तळाशी नव्हे, सर्वांत वर ठेवू; आणि ती कुणाकुणाच्या हातची आहे, हे तिला आधीच सांगून ठेवू.