मेहेराबादचें मौन

नगरहून दौंडच्या रस्त्यानें दक्षिणेकडे निघालें म्हणजे सुमारें नऊ किलोमीटरवर अरणगांव लागतें. शहराचें व जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर असें झालें. तथापि जुन्या माणसांच्या तोंडीं अद्याप नगर हेंच रुळलेलें आहे, म्हणून या लेखांत तेंच योजिलें आहे. मुलूख अवर्षणाचा. पौष-माघांत रानें शाळूनें भरलेलीं, वारा कोरडा आणि पहांटेची थंडी बोचरी. अरणगांवाजवळ दौंड-मनमाड लोहमार्गाच्या एका अंगास जुन्या लष्करी छावणीच्या इमारती आणि दुसऱ्या अंगास एक लहानशी टेकडी आहे. या दोहोंस मिळून मेहेराबाद म्हणतात.

मेरवान शेरियार इराणी यांचा जन्म १८९४ सालीं पुण्यास झाला व शिक्षण तेथील डेक्कन कॉलेजांत झालें. हेच पुढें मेहेरबाबा या नांवानें प्रसिद्धीस आले. १९२३ सालीं ते प्रथम या ठिकाणीं राहावयास आले, आणि १० जुलै १९२५ रोजीं येथेंच त्यांनीं मौन धरिलें. तें ३१ जानेवारी १९६९ रोजीं देह ठेवीपर्यंत, म्हणजे साडेत्रेचाळीस वर्षें, त्यांनीं सोडलें नाहीं. आरंभीं लिहून, पुढें अक्षरांच्या फळीवर बोट ठेवून, आणि १९५४ नंतर केवळ हातांच्या खुणांनीं ते आपलें मनोगत सांगत. टेकडीवर घुमटाखालीं त्यांची समाधि आहे. आंतील भिंतींवरील चित्रें हेलेन डाम नांवाच्या स्विस चित्रकर्त्रीनें १९३८ च्या सुमारास काढिलीं. मेहेरबाबांस अवतार मानावें कीं न मानावें, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखाचा तो विषय नव्हे.

त्यांच्या देहावसानाच्या दिवसास अनुयायी अमरतिथि म्हणतात. ३० जानेवारी ते १ फेब्रुवारी असे तीन दिवस येथें मेळा भरतो. आंध्र प्रांतांतून, उत्तरेकडील हमीरपुराकडून, तसेंच अमेरिका, इंग्लंड व ऑस्ट्रेलिया येथून लोक येतात. मुख्य विधि ३१ तारखेस दुपारीं बारा वाजतां. तो विधि म्हणजे पंधरा मिनिटांचें सामुदायिक मौन.

यात्रा पाहावयाची तर ती भरण्याच्या आधीं चार दिवस पाहावी, असें आमचे वडील म्हणत. म्हणून एका वर्षीं मी २८ जानेवारीस सकाळींच तेथें गेलों. मांडवाचे खांब उभे राहत होते, दर्शनाच्या रांगेसाठीं बांबू बांधले जात होते, पाण्याच्या टाक्या भरल्या जात होत्या. स्वयंपाकाच्या जागीं अरणगांवच्या बायका सुपांत तांदूळ घेऊन निवडीत बसल्या होत्या. त्यांच्यांतच, मांडी घालतां येत नसल्यामुळें पाय लांब करून पाटावर बसलेली, सत्तरीची एक गोरी बाई होती.

"अवो बाई, खडं ठिवताय अन् तांदूळ टाकताय!" असें हंसत म्हणून शेजारणीनें त्यांचें सूप ओढून घेतलें, दोनदां पाखडून दाखविलें आणि परत दिलें. दोघींस एकमेकींची भाषा येत नव्हती. सर्व शिक्षण हातांनींच चाललें होतें.

चहाच्या वेळीं माझ्या शाळेंतल्या इंग्रजीचा उपयोग झाला. बाई ऑस्ट्रेलियांतील निवृत्त शिक्षिका निघाल्या, त्यामुळें बोलणें लवकर जमलें. मौनाच्या सणाची तयारी त्या पाहत होत्या ती ही दुसरी. पहिली त्यांनीं बाली बेटांत पाहिली होती.

बालींतील हिंदु लोकही शक कालगणना पाळतात. त्यांच्या वर्षारंभास न्येपी म्हणतात. २०२३ सालीं २२ मार्च रोजीं आपला पाडवा व त्यांची न्येपी एकाच दिवशीं येऊन दोहींकडे शकाचें १९४५ वें वर्ष लागलें. अधिक मासाची रीत निराळी असल्यामुळें दरवर्षीं मात्र असा मेळ बसत नाहीं. सणाच्या आधीं देवळांतील पवित्र वस्तु मिरवीत समुद्रावर नेऊन शुद्ध करितात. तरुण मुलें कित्येक आठवडे खपून बांबू व कागदाचे अक्राळविक्राळ राक्षस तयार करितात. त्यांस ओगोह-ओगोह असें नांव आहे. आदल्या सायंकाळीं चौकांत बलि अर्पण करून मोठ्या गजरांत ते राक्षस मिरवितात व पुढें बहुधा जाळून टाकितात. दुसऱ्या दिवशीं सकाळीं सहापासून चोवीस तास अग्नि नाहीं, काम नाहीं, प्रवास नाहीं, करमणूक नाहीं. विमानतळसुद्धां बंद असतो, आणि परदेशी पाहुण्यासही मुक्कामाबाहेर पाऊल टाकतां येत नाहीं.

"मुलें राक्षसाचे डोळे रंगवीत होतीं, तें मीं तासभर उभी राहून पाहिलें," बाई म्हणाल्या. "पण मला कोणी कामास लावलें नाहीं, मी पाहुणी. रात्रीं दिवा मालवून खोलींत बसलें. बाहेर सारें बेट गप्प होतें, तें त्यांचें मौन. माझें मात्र रोजचेंच. पति वारल्यापासून सहा वर्षें माझ्या घरांत तेंच आहे."

यावर काय बोलावें तें मला सुचलें नाहीं. चहा संपतांच त्यांनीं सूप पुन्हां मांडीवर घेतलें.

३१ तारखेस मी पुन्हां गेलों. दर्शनाची रांग टेकडीच्या उतारावरून खालपर्यंत आली होती आणि मांडवांत निरनिराळ्या भाषांतील भजनें चाललीं होतीं. बाराच्या ठोक्यास सारें थांबलें. एखादें मूल रडे, दुरून रस्त्यावरची मोटार ऐकूं येई, एवढेंच. अरणगांवच्या बायकांत त्या बाई डोळे मिटून बसलेल्या मला दिसल्या. मौन सुटल्यावर त्याच शेजारणीनें पांचही बोटें तोंडाशीं नेऊन "जेवलांत कां?" असें विचारिलें. बाईंनीं नकारार्थी मान हालविली, आणि दोघी उठून जेवणाच्या रांगेकडे गेल्या.

गीतेच्या सतराव्या अध्यायांत तपाचे कायिक, वाचिक व मानस असे तीन प्रकार सांगितले आहेत. मौन हें वाचिक तपांत असावें असें कोणासही सहज वाटेल; परंतु तें घातलें आहे मानस तपांत, मनाच्या प्रसन्नतेच्या व सौम्यतेच्या पंक्तीस. वाणीचा संयम मनाच्या संयमामागून येतो, असें त्याचें कारण श्रीशंकराचार्यांनीं भाष्यांत दिलें आहे. म्हणजे तोंड मिटलें एवढ्यानें मौन होत नाहीं. आपल्या घरांतूनही तोंड मिटून बसलेलीं माणसें पुष्कळ आहेत.

होळीच्या पुरणपोळ्या आतां बाजारांतून येतात, दिवाळीचा फराळ डब्यांत बांधून मिळतो. घरांतील लेकीसुना नोकरी करितात, तेव्हां त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु या सोयीबरोबर आजीच्या हातांतील सूप गेलें व आजोबांच्या हातांतील तोरणाचा दोराही गेला. त्यानंतर कोपऱ्यांतल्या खुर्चींत त्यांच्या वाट्यास जें मौन आलें, त्यास व्रत म्हणतां यावयाचें नाहीं. तीं माणसें भरल्या घरांत पाहुणीं झालीं आहेत.

येत्या पाडव्यास गुढीचा तांब्या उजळण्याचें, कडुनिंबाचा पाला खुडण्याचें काम घरांतील सर्वांत वृद्ध माणसाकडे द्यावें. वेळ थोडा अधिक लागेल, कदाचित् कांहीं पुन्हांही करावें लागेल. तो वेळ घरानें सणाच्या खर्चांत धरावा.