विकाऊ घराचा वास

मुंबईत जुनी सदनिका विकायला काढली की चटईक्षेत्र, मजला, लिफ्ट आणि स्थानकापासूनचे अंतर यांवर तिचा भाव ठरतो, असे मानले जाते. घराच्या वासाचाही त्यात वाटा असतो, मात्र तो कोणत्याही कागदावर येत नाही आणि म्हणून त्याविरुद्ध दादही मागता येत नाही. माहीम परिसरातील वडिलोपार्जित सदनिका विकताना प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाला याचा जो अनुभव आला, त्याचा सल अद्याप गेलेला नाही.

घर मालवणी कुटुंबाचे, वडीलधाऱ्यांच्या पश्चात बंद असलेले, आणि किल्ली दलालाकडे. भर पावसाळ्यात दलालाने एक ‘पार्टी’, म्हणजे दलालांच्या बोलीत गिऱ्हाईक, आणली. त्या मंडळींनी दारावरची मालवणी आडनावाची पाटी वाचली, नाकाला रुमाल लावून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत मजल मारली आणि न्हाणीघर न पाहताच ती परतली. संध्याकाळी दलालाचा निरोप आला, तो असा की पार्टी शुद्ध शाकाहारी आहे, घराला मासळीचा वास आहे, तेव्हा भाव खाली आणावा लागेल. वस्तुतः त्या स्वयंपाकघरात पावसाळ्याच्या कितीतरी आधीपासून चूल पेटली नव्हती, भांडीकुंडी हलवलेली होती, आणि ओट्यावर गॅसच्या नळीखेरीज काहीही उरले नव्हते. वास होता, हे मात्र खरे.

त्याचे मूळ नळ दुरुस्त करणाऱ्या कारागिराने नहाणीची जाळी उचलताच सापडले. सांडपाणी वाहून नेणाऱ्या नळीच्या तोंडाशी ‘नहाणी ट्रॅप’ नावाचे वाकडे भांडे बसवलेले असते; त्यात कायम साचून राहणारे थोडे पाणी गटारातील वायूंना घरात शिरण्यापासून अडवते आणि त्या पाण्याच्या थराला ‘वॉटर सील’ म्हणतात. घर वापरात नसले की हे पाणी हळूहळू उडून जाते आणि हायड्रोजन सल्फाइडसारख्या कुजकट वासाच्या वायूला वाट मोकळी होते. बॅटरीच्या उजेडात ट्रॅपचा तळ कोरडा ठणठणीत दिसला. प्रत्येक नहाणीत बादलीभर पाणी आणि ते लवकर उडू नये म्हणून वर चमचाभर गोडेतेल, एवढ्यावर तो वास थांबला. दलालाला कारण समजावून सांगितले. तो पार्टीच्या कानावर घातल्याचे म्हणाला, पण पार्टीचे मत बदलले नाही आणि पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो ‘घर नॉनव्हेजवाल्यांचे आहे’ असे आधीच सांगू लागला. गटाराचा दोष मासळीच्या नावावर जमा झाला तो झालाच.

खऱ्या मासळीच्या वासाचे शास्त्र तर याहून सौम्य आहे. तो मुख्यतः ट्रायमिथाइलअमाइन या अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या, पदार्थामुळे येतो. आम्लाशी संयोग झाला की त्याचा न उडणारा क्षार बनतो, म्हणूनच लिंबू किंवा व्हिनेगरच्या पाण्याने ओटा पुसला आणि खिडक्या उघड्या ठेवल्या की तो जातो. याउलट ओलीचा वास भिंतीतली गळती बंद झाल्याखेरीज हटत नाही. याच घरात न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीतील कपाटात रंगाचे पोपडे सुटले होते, खणात अंथरलेली वर्तमानपत्रे बुरशीने चिकटली होती आणि त्यावर डांबराच्या गोळ्यांचा उग्र दर्प होता. ही खरी, खर्चिक खोट होती, परंतु ती एकाही गिऱ्हाइकाने भाव पाडण्यासाठी काढली नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सभासदत्व एका समाजापुरते राखणारा उपविधी, म्हणजे संस्थेचा अंतर्गत नियम, वैध मानला. तिथे निदान नियम लिहिलेला होता. वासाच्या निमित्ताने होणारी निवड कुठेच लिहिलेली नसते.

तरीही आक्षेप घेणाऱ्यांना सरसकट दोष देणे अवघड आहे. सतत भेटणाऱ्या वासाची जाणीव नाक थोड्याच वेळात सोडून देते. पिढ्यान्‌पिढ्या बोंबील तळले गेलेल्या घराला वास नव्हताच, अशी ग्वाही त्या घरच्यांच्या नाकाने देणे कितपत ग्राह्य धरावे? शिवाय याच कुटुंबाने ठाण्यात नवे घर शोधताना एक चांगली सदनिका केवळ सिगारेटच्या वासामुळे नाकारली होती आणि त्यात कोणालाही काही गैर वाटले नव्हते.

विक्रेत्याने दलालाच्या सल्ल्याने अगरबत्ती किंवा सुगंधी फवारे वापरू नयेत, कारण दडवलेल्या वासाने संशयच वाढतो. त्याऐवजी नहाण्यांत पाणी ओतावे, भिंतीची गळती काढावी आणि मगच घर दाखवावे. गिऱ्हाइकानेही पाटीवरचे आडनाव वाचण्याआधी न्हाणीघराची जाळी उचलून पाहावी. ओलीपायी भाव कमी मागणे रास्त आहे, मासळीपायी नाही.