कावडीच्या पाण्यावर वाढलेले रान

निघताना वहिनींनी एकच काम सांगितले होते. धाकट्या पुतण्याच्या कोपरांच्या लवणीत आणि गुडघ्यांमागे इसब आहे. रात्री खाजवून खाजवून पोर रडते. कोरियात कसल्याशा झाडाचे पाणी मिळते, ते लावले की कातडी मऊ पडते, असे त्यांच्या कानावर आले होते. ‘‘भावजी, मिळालं तर एक बाटली आणा,’’ त्या म्हणाल्या.

सोलहून आगगाडीने दक्षिणेकडे निघालो. दोन्ही अंगांना भातखाचरे, मधूनमधून डोंगर. जांगसाँगला उतरून पुढे चुंग्न्योंगसानच्या पायथ्याशी पोचलो. ‘सान’ म्हणजे डोंगर. उंची 621 मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या मानाने लहानच. पण वर पाहावे तो सरळसोट खोडांची रांगच रांग! आत शिरताच ओल्या लाकडाचा वास आला आणि अंगाला गारवा लागला.

या झाडाला तिथे ‘प्योनबेक’ म्हणतात. मूळचे ते जपानचे. तिकडे त्याला ‘हिनोकी’ म्हणतात. आपल्या अंगणातल्या मोरपंखीच्याच कुळातले. पानेही तशीच, चपटी आणि खवल्यांची. कोकण किनाऱ्यावरचा सुरू मात्र वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही.

हे रान आपोआप उगवलेले नाही. 1950 ते 1953 च्या युद्धानंतर कोरियातले पुष्कळ डोंगर बोडके झाले होते. इम जोंग-गुक नावाच्या गृहस्थाने 1956 साली इथे रोपे लावायला सुरुवात केली आणि वीस वर्षे तो लावतच राहिला. लोक वेड्यात काढीत. 1968 च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. रोपे माना टाकू लागली, तेव्हा हा माणूस बायकापोरांसह कावडीने पाणी वाहून डोंगर चढला. ते पाहून गावकरीही मदतीला आले. रोपे जगली.

पण झाड वाढते आपल्या चालीने आणि व्याज वाढते त्याच्या चालीने. रोपांसाठी काढलेले कर्ज फिटेना. शेवटी रान दुसऱ्यांच्या हाती गेले. 1987 साली इम वारला, तेव्हा ते त्याचे राहिले नव्हते. पुढे 2002 साली सरकारच्या वनखात्याने ते विकत घेतले. त्यानंतर त्याच्या अस्थी याच रानात एका झाडाखाली पुरल्या. त्या झाडापाशी मी थोडा वेळ बसलो. कर्जाचा फास काय असतो, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

आता पाण्याची गोष्ट. पायथ्याच्या गावात एका लहानशा शेडमध्ये ते काढताना पाहिले. विरळणीत निघालेल्या फांद्या आणि पाला बारीक तोडून मोठ्या टाकीत भरतात. खालून वाफ सोडतात. वाफ पाल्यातला वास घेऊन वर येते आणि थंड नळीतून जाताना तिचे पाणी होते. वर तेलाचा पातळ तवंग येतो, तो वेगळा काढतात. खाली उरते ते सुगंधी पाणी. आपल्याकडे गवती चहाचे तेल काढतात किंवा गुलाबपाणी करतात, तीच रीत. हे पाणी तोंडाला लावायच्या मलमांत, साबणात, अंगावर फवारायच्या बाटल्यांत जाते.

विकणाऱ्या बाईंना मी दुभाष्यामार्फत इसबाचे विचारले. त्या जराही न अडखळता म्हणाल्या, ‘‘हे औषध नव्हे. बरं वाटतं, एवढंच.’’ माल विकणाऱ्याने असे सांगावे, याचे मला कौतुक वाटले.

गावी आल्यावर बाटली घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सांगितले ते वाचकांनीही ध्यानात ठेवावे. अशा पाण्याने इसब बरे होते असा भक्कम पुरावा नाही. उलट त्यातल्या सुगंधी द्रव्याने चिरलेली कातडी जास्त चुरचुरू शकते. मोठ्यांनी वापरायचेच असेल तर आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस वाट पाहावी. उघडी बाटली फार दिवस ठेवू नये, पाणी नासते. पोराला कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ घालून, अंग टिपून, लगेच बिनवासाचे साधे मलम लावावे आणि दिलेले औषध चुकवू नये.

वहिनी जरा हिरमुसल्या. मग म्हणाल्या, ‘‘एवढ्या लांबून आणलंत, टाकू कशाला?’’ आणि ते पाणी त्यांनी स्वतःच्या हातांना लावले. पोराला आता मलमाने उतार आहे.

हे झाड थंड, दमट हवेतले. आपल्या देशावरच्या उन्हात ते लावण्याच्या फंदात कोणी पडू नये. आपल्या मातीत कडुनिंब, करंज, आंबा आहेतच. रानाची ही हकिकत भावाला सांगितली तेव्हा तो काही बोलला नाही. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दोन घागरी घेऊन तो बांधावरच्या करंजांकडे गेलेला दिसला.