जॉब रिजेक्ट!

फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये माझा सुतारकामाचा जॉब तीन वेळा परत आला. साधा हाफ लॅप जॉइंट! दोन तुकडे काही केल्या एकमेकांत बसेनात. सरांनी विचारलं, "घरी काय करतात?" म्हटलं, "आजोबा सुतार होते, सर. मालवणला." सर काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

खरं सांगू? आजोबांच्या हत्यारांना मी कधी हातच लावला नव्हता. म्हणजे, लावू दिला नव्हता. होड्या दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला, पण मी पटाशी उचलली रे उचलली की ओरडायचे, "ठेव ती खाली! तुका इंग्लिश शाळेत घातलंय ता करवत धरूक काय?" आणि इंग्लिश शाळेत? के.जी.त रंगीत ब्लॉक्स होते की! पण काचेच्या कपाटात. पाहुणे आले की बाहेर यायचे. एरवी 'फिंगर ऑन युवर लिप्स'. दोन्हीकडे हात बांधलेले.

गेल्या डिसेंबरात परीक्षा संपवून घरी गेले आणि मावशीच्या अंगणवाडीत जाऊन बसू लागले. (टाइमपास, दुसरं काय!) तिथे ब्लॉक्स नाहीत. करवंट्या, चिऱ्याचे तुकडे, माडाचे पिडे, शिंपले, सुतळी. कोपऱ्यात केळीचं एक खोड आडवं टाकलेलं, त्यात लहान हातोडीने खिळे ठोकायचे. एका वेळी एकच मूल आणि मावशी शेजारी. चार वर्षांची पोरं जीभ बाहेर काढून, श्वास रोखून ठोकतात. खिळा वाकडा गेला तर उपटून पुन्हा. तिथे जॉब रिजेक्ट होत नाही.

एक दिवस एका चिमुरड्याने दोन चिऱ्यांवर फळकूट टाकून पूल केला. वर नारळ ठेवला तर फळकूट मधे वाकलं. तो पोटावर आडवा होऊन खालून बघत राहिला. बराच वेळ. मग एक करवंटी आणून बरोबर मधोमध पालथी सरकवली. आम्हाला हेच फळ्यावर डब्ल्यू एल क्यूब बाय फॉर्टी एट ई आय असं आलं: स्पॅन निम्मा केला की डिफ्लेक्शन आठवा हिस्सा. मी ते पाठ केलं, मार्कही मिळवले. पण फळकुटाखाली डोकं घालून कधी पाहिलं नव्हतं.

मावशीला म्हटलं, ही आयडिया भारी आहे तुझी. ती हसली. "माझी कसली? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांची." नावंच ऐकली नव्हती मी! मग वाचलं. १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला (आता तो पालघर जिल्हा) त्यांनी खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी काढली. माँटेसोरीची साधनं महाग, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं केली. मुलं बालवाडीत येईनात, तर या दोघी बालवाडी घेऊन त्यांच्या अंगणात गेल्या. अंगणवाडी ती हीच. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आदिवासी मुलांमध्ये. सरकारची अंगणवाडी योजना आली ती पुढे, २ ऑक्टोबर १९७५ ला.

हे सगळं डोक्यात घोळत असतानाच त्या पूलवाल्याची आई त्याला न्यायला आली. मावशीला म्हणाली, "जूनपासून ह्याका कॉन्व्हेंटात घालतंय. हय नुसतो खेळता." मग माझ्याकडे बोट करून, "माका तो हिच्यासारखो शिकवचो हा."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलणार? त्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीवरच मी इथवर आले, हेही खोटं नाही. म्हटलं, "काकी, त्याने आज काय केलं बघा तरी." तिने पाहिलं. "नारळ कोणाचो?" एवढंच विचारलं आणि त्याला कडेवर घेऊन गेली.

त्या संध्याकाळी आजोबांची पेटी माळ्यावरून उतरवली. करवत गंजलेली, रंध्याचं पातं जाम. खोबरेल लावून पुसत बसले. आई दारातून बघून गेली, ओरडली नाही. गुण्या तेवढा जसाच्या तसा होता, तो हॉस्टेलवर घेऊन आलेय. आल्या आल्या रूमच्या दाराला लावून पाहिला. चौकट काटकोनात नाही! रेक्टर मॅडमनी नोंद घ्यावी.